निळ्या वेलीची साडी

सुरतच्या रिंग रोडवरच्या कपडा मार्केटात “बाजू! बाजू!” अशी हाक आली की शहाण्या माणसाने वळून बघायचं नसतं, मुकाट्याने भिंतीला चिकटायचं. डोक्यावर साड्यांचं पार्सल घेतलेला हमाल कुणासाठी थांबत नाही. मयुरीला हे पाठ होतं. तिच्या पुढे चालणाऱ्या त्या मुलाला नव्हतं. ‘मला म्हणताय का?’ असा चेहरा करून तो वळला, पार्सलचा कोपरा त्याच्या खांद्याला लागला आणि तो थेट मयुरीवर येऊन आदळला.

मयुरीवर म्हणजे तिच्या हातातल्या कागदावर. दिवाळीनंतर मार्केट नुकतंच उघडलेलं, ती काम करायची त्या साड्यांच्या डिझाईन स्टुडिओतला स्कॅनर बिघडलेला, म्हणून ती आपलं नवं डिझाईन खालच्या दुकानात स्कॅन करायला निघाली होती. रंग अजून वाळायचा होता.

“अहो, डोळे घरी ठेवून आलात का?”

“सॉरी... सॉरी हं. लागलं का तुम्हाला?”

“मला नाही. याला लागलं,” तिने कागद समोर धरला. निळी वेल मधोमध फिसकटली होती. आणि त्या मुलाच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर तीच वेल उतरली होती, पानाफुलांसकट, अगदी झोकात.

त्याने मान खाली घालून शर्टाकडे पाहिलं. “छान आलंय की!”

“छान काय छान? सगळी सुट्टी घातली मी त्यात.”

“मग असं करू... शर्टच स्कॅन करू. मी हलणार नाही, प्रॉमिस.”

मयुरीला हसू आलं आणि हसू आलं म्हणून रागही आला. तेवढ्यात त्याने कागदावर बोट टेकवलं. “हा काळा ठिपका कसला पण? डाग पडलाय इथे.”

“डाग नाहीये तो.”

“मग काय आहे?”

“तुम्हाला काय करायचंय?” म्हणून ती फणकाऱ्याने निघून गेली.

तो ठिपका म्हणजे तीट होती. मयुरीच्या वडिलांचं नाव सुपडू. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून जन्मल्याबरोबर त्यांना सुपात घालून ओढलं होतं आणि नावही तसंच ठेवलं होतं, मरणाने सुद्धा नाक मुरडावं असं. अशा घरात नजरेची थट्टा कोण करणार? मयुरीने पहिलं डिझाईन काढून घरी दाखवलं तेव्हा आई सुंदराबाईने डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं होतं. “नजर लागस, पोरी,” म्हणून कोपऱ्यातल्या एका पानावर टेकवलंही होतं. तेव्हापासून मयुरीच्या प्रत्येक डिझाईनमध्ये एक तीट असायचीच. पानाच्या काळ्या शिरेत ती अशी लपवायची की स्टुडिओच्या शेठलाही कधी दिसली नाही. या गोष्टी सांगायच्या नसतात.

ती स्कॅन करून वर आली तर तो वेलवाला मुलगा शेठच्या समोर बसून चहा पीत होता.

“मयुरीबेन,” शेठ म्हणाले, “आ जयंतभाई. कम्प्युटरमां डिझाईन बनावे छे. एमने आपणुं काम जरा शीखवाडजो हं.”

म्हणजे शिकवायचं. वेलवाल्याला. जयंत कपाच्या आडून हसला. शर्टावरची वेल त्याने टायने झाकायचा केविलवाणा प्रयत्न केला होता.

शिकवणं म्हणजे फार काही नव्हतं. जयंतकडे एक टॅब्लेट होता. त्यावर मशीनने काढलेली दोन डिझाईनं शेजारी शेजारी यायची. दुपारी डबा खाऊन झाला की मयुरीने त्यातलं चांगलं कोणतं ते सांगायचं. डावं की उजवं... बस.

“आणि दोन्ही आवडली तर?”

“दोन्ही असं बटण नाहीये.”

“आणि दोन्ही भिकार असली तर?”

“तेही नाही. एक निवडायचंच. मशीनला ‘दोन्ही’ कळत नाही.”

“मग आमच्या शेठला का विकता? त्यांनाही कळत नाही.”

जयंत मोठ्याने हसला. टेबलावरच्या बाकीच्या मुलींनी माना वर केल्या. मयुरीने घाईघाईने उजवं बटण दाबलं आणि हाताच्या सवयीने, टॅब्लेटच्या पेनाने, निवडलेल्या डिझाईनच्या एका पानावर टिंब टेकवलं. काही न टेकवता डिझाईन हातावेगळं करायचं म्हणजे तिला चुकल्यासारखं व्हायचं. जयंतने ते पाहिलं, पण त्या दिवशी काही विचारलं नाही.

मग रोज दुपार होऊ लागली. म्हणजे दुपार आधीही व्हायची, पण मयुरीच्या ते लक्षात आलेलं नव्हतं.

जयंतचे वडील बँकेत होते. बदलीने सुरतला आले ते अडाजणला घर घेऊन इथलेच झाले. जयंतचं मराठी पुस्तकातलं, हिंदी मित्रांचं आणि गुजराती पार दुकानदाराला गंडवण्याइतकं पक्कं. नाव मात्र आजोबांचं.

“जयंत! मला वाटलं पेन्शनीत निघालेला माणूस असेल,” मयुरी म्हणायची.

“आणि मयुरी म्हटल्यावर मला वाटलं, नाचून दाखवेल. ही तर नुसती चोच मारते.”

थंडी पडली तसं त्याने एकदा कागदात बांधून पोंक आणला. हिरवागार, गरम, वर शेव आणि लिंबू पिळलेलं.

“घ्या. सुरतेची शान!”

“हा? हा तर हुरडा!”

“हा पोंक आहे.”

“कोवळी ज्वारी भाजली की हुरडाच होतो. आमच्या खानदेशात, पारोळ्याकडे, शेतातच भाजतात, गोवऱ्यांवर. शेव नाही लागत तोंडी लावायला.”

“मग काय लागतं?”

“बरोबरचं माणूस,” ती बोलून गेली... आणि दाणे मोजत असल्यासारखी कागदात बघत बसली. जयंतचा हात त्याच कागदात आला. पोंक संपला तरी तो हात बराच वेळ तिथेच होता.

त्या दिवसापासून ‘तुम्ही’ गेलं, ‘तू’ आलं. आणि त्या दिवसापासून मयुरीने एक लबाडी सुरू केली. एरवी तिला डिझाईन बघताक्षणी कळायचं, कोणतं चालेल आणि कोणतं गोदामात कुजेल. आता ती थांबू लागली. “हं... बघू दे जरा...” म्हणून उगाच कपाळाला आठी घालायची. कारण ती अडली की जयंत खुर्ची ओढून जवळ यायचा. त्याची बाही तिच्या दंडाला लागायची. “या वेलीचं वळण बघ,” असं काहीतरी तो म्हणायचा आणि मयुरी वेल सोडून बाकी सगळं बघायची. जास्त करून हे एका फिक्या निळ्या वेलीच्या बाबतीत व्हायचं. खरं तर ती वेल मरगळलेली होती. पण पहिल्या दिवशीच्या शर्टावरच्या वेलीशी तिचं साम्य होतं, म्हणून दोघंही तिच्यापाशी रेंगाळायचे. त्या वेलीची भावंडं फिरून फिरून टॅब्लेटवर यायची. मयुरीला वाटायचं, योगायोग आहे!

संक्रांतीच्या आधी तो नवा शर्ट घालून आला. मार्केटातल्या सगळ्या छतांवर पतंग होते. मयुरीने करंगळी काळ्या रंगात बुडवली आणि त्याच्या कानामागे टेकवली.

“हे काय?”

“फार हसतोस. नजर लागेल.”

“म्हणजे तो ठिपका...”

“तीट आहे ती. कुणाला सांगायची नसते,” मयुरी म्हणाली. “तुला सांगितली.”

जयंतने कानामागे हात नेला, पण पुसलं नाही. संध्याकाळी बस येईपर्यंत तो तिच्याबरोबर उभा राहिला, आणि बस आली तरी दोघांनाही दिसली नाही.

घरी बमरोलीच्या खोलीत मात्र वेगळंच चाललं होतं. पारोळ्याचं एक स्थळ आईने धरून ठेवलं होतं. मुलगा शिकलेला, घरचं शेत, गावात दुकान. सुंदराबाई रोज विषय काढायच्या आणि मयुरी रोज तोच मोडायची. तिचं मोडणं चालायचं, कारण स्टुडिओत तिला एक खुर्ची होती. खांद्याला पर्स लावून सकाळी बाहेर पडणाऱ्या, महिन्याच्या महिन्याला घरात पगार आणणाऱ्या मुलीचं ऐकावं लागतं. “मना काम शे, आई. मी सांगसू तव्हयच,” एवढं म्हटलं की सुपडूभाऊ भाकरी मोडता मोडता म्हणायचे, “ऱ्हाऊ दे वं. ती सांगी.” ती खुर्ची होती तोवर जयंतचं नाव घरात काढायची आशा होती. मयुरीने दिवस मनात धरला होता. होळी झाली की सांगायचं.

होळीच्या आधीच सुपडूभाऊ भरदुपारी घरी आले. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये ते छपाई खात्यात होते, साड्या छापायच्या स्क्रीन धुवायचं काम. सुट्टी नव्हती, तरी घरी. मयुरीलाही त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून रजा होती. त्यांनी चप्पल काढली आणि भिंतीला टेकून बसले.

“काय व्हयनं, आबा?”

“आख्खा दिन स्क्रीन धुई ऱ्हायनू कालदिन. डाग काही गया नही. मास्तर म्हने, सुपडू, तुना हात थकना आते. दोन दिन घर बस.” त्यांनी खिशातून कापडाची एक चिंधी काढली. मिलमधला वाया गेलेला कपडा. “तूच देख. डाग स्क्रीनमा नही व्हता, पोरी. डिझाईनमाच व्हता.”

मयुरीने चिंधी उजेडात धरली. फिकी निळी वेल. आणि वेलीवर, पानापानावर, फुलाफुलावर, काळी टिंबं. एक नाही, शेकडो. तिने टिंबाची जागा ओळखली. पानाच्या शिरेच्या डावीकडे, जरा खाली. तिचाच हात होता तो. फक्त तिने ते कधी काढलं नव्हतं.

डोकं दुखायचं राहिलं. ती तशीच बस पकडून स्टुडिओत गेली.

जयंत एकटाच होता. मुली जेवायला गेल्या होत्या. तिने चिंधी त्याच्या टॅब्लेटवर ठेवली.

“अरे हो... तेच बघतोय मी सकाळपासून,” तो म्हणाला. “मिलची तक्रार आली. डिफेक्ट आहे, निघेल. काय झालं माहितीये का? तू निवडलेल्या प्रत्येक डिझाईनवर टिंब होतं. मशीनला वाटलं, टिंबामुळेच ते चांगलं. जितकी टिंबं तितकं चांगलं...” तो हसला. एकटाच.

“डिफेक्ट?”

“म्हणजे... तसा शब्द आहे आमच्यात. मला माहितीये ती तीट आहे.”

“माहितीये तुला. मी सांगितली होती.” मयुरी म्हणाली. “मी निवडत होते ते साठवत होता तुम्ही?”

“मयुरी, त्यासाठीच तर होतं ते. शेठने सांगितलं नव्हतं का? शिकवा म्हणून?”

सांगितलं होतं. तिच्या कानांनी ऐकलं होतं. तिला वाटलं होतं, जयंतला शिकवायचंय.

“आणखी काय काय साठवलं?”

तो जरा घुटमळला. “कशावर किती वेळ थांबलीस ते. हात लगेच गेला की... की रेंगाळलीस. जिथे माणूस जास्त वेळ बघतो तिथे त्याचा जीव असतो, असं धरतं मशीन.”

मयुरीने चिंधीवरच्या वेलीकडे पाहिलं. मरगळलेली, दिशाहीन, कुठलाही जाणता डिझायनर पहिल्या नजरेत बाजूला टाकेल अशी वेल. आणि तिला हसू फुटलं, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“वेल भिकार आहे रे! मी वेल बघतच नव्हते. मी थांबायचे, तू जवळ यावास म्हणून.”

जयंतचा चेहरा उतरला. खाली हमाल ओरडत होते, “बाजू! बाजू!”

“ती... ती सगळ्यात जास्त खपतेय,” तो हळूच म्हणाला. “सगळं मार्केट मागतंय ती वेल.”

“हो का? मग बरं झालं. आता मला सांग, मशीन शिकलं की माझ्या खुर्चीचं काय?”

जयंतने मान खाली घातली.

“शेठ पुढच्या महिन्यापासून एकच डिझायनर ठेवणार आहेत. फक्त शेवटची नजर फिरवायला. ती तू नाहीस. स्वस्तातली एक मुलगी मिळालीये त्यांना.”

“कधीपासून माहीत होतं?”

“संक्रांतीच्या आधीपासून.”

म्हणजे कानामागे तीट लावली तेव्हा. बससाठी उभे होते तेव्हा.

“का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू बटणं दाबायची थांबवली असतीस. मग मी इथे कशाला आलो असतो? काय निमित्ताने आलो असतो?” त्याने तिचा हात धरला. त्या धरण्यात काहीच खोटं नव्हतं. “मयुरी, मी खूप दिवस बोलायचं म्हणतोय. रविवारी आई-बाबांना घेऊन तुमच्याकडे येतो. लग्न कर माझ्याशी. नोकरीचं काय एवढं? मी आहे ना! घरबसल्या काम देईन तुला, पाहिजे तर.”

हेच शब्द ऐकण्यासाठी ती थंडीभर झुरली होती. हेच, याच आवाजात. आणि ते आले ते असे, तिच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीला टेकून. तो फसवा असता, तर सोपं होतं. दोन शिव्या घालून मोकळी झाली असती. पण प्रेम खरं होतं, त्यानेच ती पार खचली.

“तुला काय हवं होतं जयंत, बटणं की मी?”

“दोन्ही,” तो म्हणाला. तळमळून म्हणाला.

“दोन्ही असं बटण नसतं,” मयुरीने हात सोडवून घेतला. “तूच शिकवलंस.”

ती दाराकडे वळली, तेवढ्यात जयंत चाचरत म्हणाला, “एक... एक विचारू? त्या टिंबांवर खूण करून दिलीस तर मशीन लवकर सुधारेल. आम्हाला कुणालाच नक्की कळत नाही, नक्षीतलं टिंब कुठलं आणि तुझं कुठलं. नाहीतर मिलमध्ये पुढचा लॉटही...”

पुढचा लॉटही खराब. मास्तर पुन्हा म्हणणार, सुपडू, तुझा हात थकला. भिंतीला टेकून बसलेले आबा तिच्या डोळ्यांसमोर आले. तिने काळजीने लावलेली तीटच आबांच्या पोटावर उठली होती.

मयुरी परत आली, खुर्ची ओढली आणि बसली. टॅब्लेटवर दोन चौकटी होत्या, ‘नक्षी’ आणि ‘डाग’. ती एकेक टिंब शोधत गेली. आईच्या काजळापासून चालत आलेलं. प्रत्येकावर बोट ठेवायची आणि ‘डाग’ दाबायची. डाग. डाग. डाग. मुली जेवून आल्या, शेठ आले, ऊन खिडकीतून सरकून गेलं. ती कुठेच रेंगाळली नाही. जयंत लांब उभा होता. जवळ यायची त्याची हिंमत झाली नाही.

काम संपल्यावर तिने पर्स घेतली. रंगांच्या डब्या तशाच सोडल्या. त्याच्या समोरून जाताना मात्र पाय अडलाच. मागे वळून, टेबलावरच्या काळ्या रंगात करंगळी बुडवून तिने त्याच्या कानामागे टेकवली.

“हे कशाला आता?” त्याने विचारलं.

“फार चाललंय तुझं. कुणाची तरी नजर लागेल.”

आणि ती जिना उतरून गेली. जयंत रविवारी खरंच आला. एकटाच. बमरोलीच्या गल्लीच्या तोंडाशी बराच वेळ गाडीवर बसून होता, असं शेजारच्या धनश्रीने सांगितलं. मयुरी बाहेर गेली नाही. ती दाराच्या आत उभी होती, कडीवर हात ठेवून, आणि तो हात काही तिने वर केला नाही, काही खाली केला नाही. शेवटी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

सुपडूभाऊंना कामावर परत घेतलं. नवा लॉट स्वच्छ निघाला, एक टिंब नाही. मयुरी दुसऱ्या स्टुडिओंच्या पायऱ्या चढली-उतरली. सगळीकडे आता टॅब्लेट होते आणि सगळे तिला एकच विचारत होते, निवडायला याल का? ती नाही म्हणत राहिली. उन्हाळा तापला. एके रात्री सुंदराबाईंनी पारोळ्याच्या स्थळाचा विषय काढला आणि मयुरीने तो मोडला नाही. सुपडूभाऊंनी लेकीकडे बघितलं. “ऱ्हाऊ दे वं” म्हणायला त्यांनी तोंड उघडलं होतं, पण तिनेच नजर काढून घेतली.

पाहुणे यायच्या दिवशी आईने बाजारातून नवी साडी आणली. घडी उलगडत कौतुकाने म्हणाली, “देख, बठ्ठा बाजारमा आते हाईच चालू शे.”

फिकी निळी वेल होती. मरगळलेली, दिशाहीन. एकही टिंब नसलेली. मयुरीने पदरावरून हात फिरवला. या वळणापाशी त्याची बाही दंडाला लागली होती. या पानापाशी त्याने म्हटलं होतं, बघ ना नीट. आणि ही कळी... इथे दोघंही काहीच न बोलता किती तरी वेळ बसले होते. सुरतेच्या बायका तिच्या त्या सगळ्या दुपारी अंगावर नेसून भाजी आणत होत्या, लग्नाला जात होत्या, भांडत होत्या. तिला दुसरी साडी हवी होती, पण कारण काय सांगणार? तिने तीच नेसली. आईने बोटाला काजळ घेऊन तिच्या कानामागे लावलं.

खोलीत सतरंजीवर पाहुणे बसले होते. मुलगा साधा होता, मान खाली घालून. मयुरीने पोह्यांचा ट्रे खाली ठेवला. मुलाच्या आईने पोह्यांआधी साडीचा पदर हातात घेऊन पाहिला आणि मान डोलावली.

“साडी मोठी सुंदर शे, बाई. कोणी निवडी?”

सुंदराबाई उत्तर द्यायला पुढे झाल्या.

“मीच,” मयुरी म्हणाली.